व्हिसा लागत नाही, कागद मात्र लागतात : गोव्यातून छोट्या परदेश सहलीला निघताना

थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, कझाकस्तान, मॉरिशस, नेपाळ. भारतीय पासपोर्टवर या देशांत आठवडाभर फिरून यायचं तर वकिलातीत अर्ज, फोटो, मुलाखत यांतलं काही लागत नाही. एवढं कानावर आलं की लोक तिकीट काढतात आणि बॅग भरायला घेतात. पण व्हिसा माफ झाला म्हणून तपासणी माफ होत नाही. वकिलातीत झाली असती तीच तपासणी आता विमानतळावर होते. वकिलातीत एखादा कागद कमी पडला तर चार दिवसांनी नेऊन देता येतो. पहाटे तीन वाजता चेक-इन काउंटरवर कमी पडला तर विमान निघून जातं आणि तिकिटाचे पैसेही बहुधा बुडतात.

तपासणी तीन ठिकाणी होते : विमान कंपनीच्या काउंटरवर, भारताबाहेर पडताना आपल्या इमिग्रेशनवर आणि त्या देशात उतरल्यावर. यांतली पहिली लोक अगदी किरकोळ समजतात आणि तिथेच अडकतात. त्या देशाने प्रवाशाला परत पाठवलं तर त्याला परत आणायचं काम विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, शिवाय दंडही होऊ शकतो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी ‘टायमॅटिक’ नावाच्या संगणकीय यादीत तुमचा पासपोर्ट आणि जायचा देश घालून पाहतो आणि तिथे जे लिहिलंय ते मागतो. ‘आमचा मावसभाऊ गेल्या वर्षी असाच गेला’ हे सांगून त्याचा नाइलाज सुटत नाही. वाद घालण्यापेक्षा मागितलेला कागद पुढे करता आला पाहिजे.

आधी नियम, मग तिकीट

व्हिसामाफी हा त्या त्या सरकारचा निर्णय असतो आणि तो बदलतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवस दिले, जुलै २०२४ मध्ये ते ६० केले. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची माफी दिली आणि नंतर तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. फिलिपिन्सने जून २०२५ पासून १४ दिवस दिले. फिलिपिन्सचे हे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक), सिंगापूर किंवा ब्रिटनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर फिलिपिन्समध्ये ३० दिवस मिळतात. कझाकस्तानात एका वेळी १४ दिवस राहता येतं आणि १८० दिवसांत मिळून ४२.

याउलट इराण पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये माफी दिली, नोव्हेंबर २०२५ मध्ये साध्या पासपोर्टधारकांसाठी ती थांबवली. तेव्हा एखाद्या जुन्या व्हिडिओवर किंवा फॉरवर्डवर विसंबून तिकीट काढू नका. त्या देशाच्या इमिग्रेशनची किंवा दिल्लीतल्या वकिलातीची साइट तिकीट काढण्याच्या दिवशी उघडा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा उघडा.

‘व्हिसा नाही’ या शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात, त्यानेही घोटाळा होतो. थायलंड-मलेशियात खरोखरच व्हिसा नाही. इंडोनेशियात, म्हणजे बालीला, तो उतरल्यावर मिळतो आणि त्याचे ५,००,००० रुपिया मोजावे लागतात. केनियाला जाण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, हाँगकाँगसाठी भारतीयांना आगाऊ नोंदणी करावी लागते. ही परवानगी नसेल तर विमानात बसूच देत नाहीत. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो आणि तो मिळायला काही दिवस जातात. ‘तिथे पोचल्यावर बघू’ हा बेत तिथे चालत नाही.

नेपाळचं वेगळंच आहे. तिथे पासपोर्टऐवजी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. पण आधार कार्ड १५ ते ६५ वयाच्या माणसाला चालत नाही, पॅन कार्डही नाही. देवदर्शनाला काठमांडूला निघालेले गट याच कारणाने अडतात. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, मात्र तिथे परवाना लागतो आणि मोठ्या माणसामागे रात्रीला १,२०० रुपये विकास शुल्क भरावं लागतं. ६ ते १२ वयाच्या मुलांना ते निम्मं.

पासपोर्ट हातात घेऊन पाहा

बहुतेक देश पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने मुदत मागतात. १० जूनला पोचणार असाल तर पासपोर्ट निदान १० डिसेंबरपर्यंत चालू हवा. काही ठिकाणी हे सहा महिने परतीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सात महिने शिल्लक असले की चिंता नको. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आईवडिलांचा दहा वर्षांचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये खणखणीत असतो आणि त्याच पिशवीतल्या मुलाच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली असते. प्रत्येकाची तारीख वेगवेगळी वाचा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो; मोठ्या माणसाच्या ३६ पानांच्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात आणि तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,०००. कोरी पानंही मोजा, निदान दोन हवीत.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. गोव्यातल्या पावसाळ्यात लाकडी कपाटात कपड्यांखाली ठेवलेला पासपोर्ट चार महिन्यांत ओलावा धरतो. कव्हर वाकतं, पानं एकमेकांना चिकटतात, फोटोच्या पानावरचा पारदर्शक थर कोपऱ्यातून सुटायला लागतो. आपल्याला ते ‘जरासं फुगलंय’ एवढंच वाटतं, पण मशीनवर ते पान वाचलं जात नाही आणि काउंटरवर त्याला खराब झालेला पासपोर्ट म्हणतात. उजेडात फोटोचं पान तिरकं धरा. थर उचललेला दिसला, शिलाई सुटलेली दिसली किंवा शाई पसरलेली दिसली तर पुन्हा पासपोर्ट काढून घ्या. डिंकाने चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दुरुस्ती केलेला पासपोर्ट फाटलेल्यापेक्षा जास्त संशय ओढवून घेतो. घरी ठेवताना झिपच्या पिशवीत सिलिका जेलची एक पुडी टाका आणि पिशवी भिंतीला लागून असलेल्या खणात ठेवू नका.

ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का किंवा छापील मजकूर आहे त्यांनी घाबरू नये. तो नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या तपासणीचा आहे. ही तपासणी ज्या १८ देशांसाठी होते त्यांच्या यादीत मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया हे तिन्ही आहेत, म्हणून आपल्याच इमिग्रेशनवर दोन प्रश्न जास्त विचारतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापील स्वरूपात पुढे केलं की पर्यटकाला जाता येतं.

नावाचं गोव्यातलं दुखणं

गोव्यात एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं सापडतात. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर ‘सी’ने सुरू होणारं काकोडकर, वडिलांच्या आधारवर ‘के’ने सुरू होणारं. नाईक ‘के’ने संपतं किंवा ‘क्यू-यू-ई’ने. देसाईंत एक ‘एस’ की दोन, गावकरांत मधे ‘ओ’ की ‘यू’. बँकेत हे चालून जातं. परदेशात जाताना मात्र एकच नाव खरं : पासपोर्टवर छापलेलं.

तेही वरच्या ठळक अक्षरांतून न उतरवता फोटोच्या पानाच्या अगदी तळाशी असलेल्या दोन ओळींतून तपासून घ्या. त्या ओळी मशीन वाचतं. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव येतं, मग दोन बाणांसारख्या खुणा, मग पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. दुसरी ओळ पासपोर्ट क्रमांकाने सुरू होते. आपल्याकडे बहुतेक पासपोर्टांचा क्रमांक आठ खुणांचा असतो : एक अक्षर आणि सात आकडे. म्हणजे पहिल्या अक्षरानंतर जिथे गोल दिसेल ते शून्य आहे, ‘ओ’ नव्हे. क्रमांकापुढे एक बाणाची खूण आणि एक जादा आकडा असतो. तो मशीनच्या पडताळणीचा आहे, फॉर्ममध्ये लिहायचा नाही. तिथेच जन्मतारीखही असते, पण उलट क्रमाने : वर्ष, महिना, दिवस. ती तशीच उतरवली तर दिवस आणि वर्षाची अदलाबदल होते.

लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचाच असेल तर तिकीटही माहेरच्या नावाने काढा. ‘मिसेस’ लावून सासरचं आडनाव टाकलेलं तिकीट म्हणजे दुसऱ्या बाईचं तिकीट. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा. गोव्यात लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे झालेली असतेच. त्या दाखल्याची एक प्रत बरोबर घेतली की प्रश्न मिटतो. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर न येणाऱ्या पालकाचं इंग्रजीत सही केलेलं संमतिपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फोन नंबर द्या. दर वेळी विचारतात असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर लहान मूल घेऊन तासन्‌तास खोलीत बसावं लागतं.

आगमनाचा ऑनलाइन फॉर्म

विमानात वाटायचे ते कागदी कार्ड आता बऱ्याच देशांत घरूनच भरायचं असतं. हा व्हिसा नव्हे, पण सक्तीचा आहे. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून लागतं आणि ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. मलेशियाचंही तसंच, तीन दिवसांत. फिलिपिन्सचं ‘ई-ट्रॅव्हल’ ७२ तासांत, मालदीवचं ‘इमुगा’ ९६ तासांत. महिनाभर आधी भरायला बसलात तर साइट तारीख घेत नाही. मग लोक गूगलवर दुसरी साइट शोधतात आणि नेमके तिथेच फसतात.

या चारही देशांचे हे फॉर्म फुकट आहेत. पैसे मागणारी साइट दलालाची किंवा चोराची. पत्त्याचा शेवट वाचा : थायलंडच्या सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो, मलेशियाचा ‘डॉट गव्ह डॉट एमवाय’ने, फिलिपिन्सचा ‘डॉट गव्ह डॉट पीएच’ने, मालदीवचा ‘डॉट गव्ह डॉट एमव्ही’ने. गूगलमध्ये सगळ्यात वर ‘जाहिरात’ म्हणून येणाऱ्या दुव्यावर पासपोर्टचा फोटो टाकू नका.

तारीख भरताना घड्याळ त्या देशाचं धरा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, मलेशिया आणि फिलिपिन्स अडीच तास. मुंबईहून ११ तारखेला रात्री साडेअकराला निघालेलं विमान बँकॉकला १२ तारखेला पहाटे उतरतं, म्हणून फॉर्ममध्ये १२ लिहायचं. पत्त्याच्या रकान्यात पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा पूर्ण पत्ता, प्रांत आणि जिल्ह्यासकट. नुसतं ‘पट्टाया’ चालत नाही. विमान क्रमांक शेवटच्या टप्प्याचा लिहा, गोवा-मुंबईचा नाही. घरातल्या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तान्ह्या बाळाचाही. क्यूआर कोड आला की स्क्रीनशॉट घ्या आणि एक प्रत छापून ठेवा. उतरल्यावर विमानतळाचं वायफाय चालेल या भरवशावर राहू नका.

तिकीट, हॉटेल, पैसे

परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट मिळालेल्या दिवसांच्या आतलं हवं. पोचण्याचा दिवस पहिला म्हणून मोजला जातो असंच धरून चाला आणि शेवटी दोन दिवस हातचे ठेवा. फिलिपिन्सच्या १४ दिवसांत १३व्या दिवसाचं विमान वादळाने रद्द झालं तर पुढचा सगळा त्रास तुमचा. काही एजंट ‘डमी तिकीट’, म्हणजे नुसतं दाखवण्यापुरतं तिकीट, देतात. काउंटरवर पीएनआर टाकून पाहतात आणि ते सापडलं नाही तर खऱ्या तिकिटावरही संशय येतो. ते पैसे रद्द करता येणाऱ्या खऱ्या तिकिटात घालावेत.

हॉटेलचं बुकिंग सगळ्या रात्रींचं दाखवा आणि त्यावर प्रत्येकाचं नाव असू द्या. चौघं मित्र एकाच्या नावावर खोल्या घेतात, मग उरलेले तिघे ‘कुठे राहणार?’ या प्रश्नाला मोबाइल शोधत बसतात. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचा पत्ता, फोन आणि तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत घ्या.

पैशांबद्दल थायलंडचे अधिकारी रोख विचारू शकतात. माणशी २०,००० बाट आणि कुटुंबामागे ४०,००० बाट एवढी तजवीज दाखवता आली तर हरकत घ्यायला जागा राहत नाही. सगळी रोख नको. थोडे बाट, थोडे डॉलर, फॉरेक्स कार्ड आणि बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट मिळून पुरतं. भारतातून एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच्या किमतीची परकी रोकड नेता येते आणि भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंत. पणजी-मडगावला परवानाधारक दुकानातच बदलून घ्या आणि पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. रोखीने पैसे मोजून परकं चलन ५०,००० रुपयांपर्यंतच घेता येतं, त्यावरचं चेक किंवा बँक ट्रान्सफरने.

मुंबईमार्गे जाताना

तिकिटावर कोड पाहा : ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. काणकोणहून निघालेला माणूस चुकून दाबोळीला पोचला आणि विमान मोपाहून असलं तर पेडणे गाठेपर्यंत काउंटर बंद झालेला असतो.

गोवा-मुंबई आणि पुढचं विमान एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं असतील तर कोणी जबाबदार नाही. बॅग मुंबईला उतरवून पुन्हा द्यायची आणि टर्मिनल वेगळं असेल तर रस्त्याने जायचं. जून ते सप्टेंबरमध्ये अशा प्रवासात सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. त्याहून बरं म्हणजे आदल्या दिवशी मुंबई गाठणं. कोकणकन्येने जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पाहा, तेव्हा गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदलतात.

मधला देशही विसरू नका. फिलिपिन्सला व्हिसा नाही, पण सिंगापूरमार्गे दोन सुट्या तिकिटांवर जाताना बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं तर सिंगापूरचा व्हिसा हवा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाणं म्हणजे थायलंडमध्ये प्रवेश करणं, त्यासाठी डिजिटल कार्ड आलंच.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर

नियम पासपोर्टला लागतो, कुटुंबाला नाही. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं), बायकोकडे भारतीय पासपोर्ट, अशी घरं गोव्यात खूप आहेत. दोघांच्या अटी वेगवेगळ्या वाचा. काठमांडूला बायको मतदार ओळखपत्रावर जाईल, नवऱ्याला मात्र उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागेल. १५ दिवसांचे ३० डॉलर. परत येताना ओसीआय कार्ड पासपोर्टबरोबर नसेल तर भारताच्या विमानात चढता येत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट ड्रॉवरमध्ये राहिला असला तरी ‘तिकडे व्हिसा लागत नाही’ म्हणून तो वापरणं गुन्हा आहे. तो आधी परत करावा.

फेणी आणि सुकं खोबरं

भेट म्हणून फेणी न्यायची तर दुकानातली सीलबंद बाटली, चेक-इन बॅगेत. घरगुती फेणी पाण्याच्या बाटलीत भरून चालत नाही. थायलंड आणि मलेशियात माणशी एक लिटरपर्यंत दारू करमुक्त आहे. मालदीवमध्ये दारू नेताच येत नाही, विमानतळावर काढून घेतात. डुकराचं मांसही नाही, म्हणजे ‘चोरीस’ (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) नकोच. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्या ते बॅगेत घेत नाहीत. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे आणि भारतातही.

नोकरीचं आमिष

हे कळकळीने लिहावं लागतं. व्हिसामाफी फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. ‘टुरिस्ट म्हणून उतरा, परमिट तिथे करून देतो’ असं सांगणारा एजंट तुमच्या मुलाला बेकायदा कामगार बनवत असतो. अशाच मार्गाने बँकॉकला उतरवलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार घडले, सरकारने त्याबद्दल इशारेही दिले. इराणने माफी थांबवली तीही नोकरीच्या नावाखाली नेऊन अपहरण केल्याच्या घटनांनंतर. परदेशी नोकरीच्या एजंटाचं नाव ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत शोधा. तिथे नसेल तर पैसे देऊ नका आणि पासपोर्ट तर हातातून सोडूच नका.

उतरल्यावर काउंटरसमोर

पासपोर्ट, बोर्डिंग पास, क्यूआर कोड, परतीचं तिकीट, हॉटेल, याच क्रमाने एका फाइलमध्ये ठेवा. किती दिवस, कुठे राहणार, काय काम करता, एवढंच बहुधा विचारतात. विचारलं तेवढंच उत्तर द्या, खरं द्या. इंग्रजी अडत असेल तर कागद पुढे करा, ते पुरतं. मित्राच्या घरी जाणार असून हॉटेल सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाला गडबडलात तर सगळे कागद बरोबर असूनही प्रवेश नाकारू शकतात.

शिक्का बसला की काउंटर सोडण्याआधी तो वाचा. थायलंडच्या शिक्क्यात कधीपर्यंत राहता येईल ती तारीख असते. कधी कधी ती चुकीची पडते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते. बाहेर पडल्यावर तीच तारीख खरी धरतात. ती उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाटपर्यंत. शिक्क्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा, म्हणजे पासपोर्ट हरवला तरी तारीख आणि क्रमांक दोन्ही हाताशी राहतात.